टाळू

डॉक्टर बोरस्ते माझ्या हातात आरसा देतात,
खालचा ओठ बोटानं ओढून धरतात.
समोरचे दोन दात मुळापर्यंत उघडे,
पाटाच्या पाण्यानं माती नेलेल्या वेलीसारखे,
पिवळट.
"दात वाढले नाहीत, कौतिकाबाई. हिरडी उतरली."

मी पिंपळगावची, नर्सरीतली.
नवरा काडीला पाचर देतो, मी पट्टी बांधते,
सतरा वर्षं हेच.
हिवाळ्यात निफाडकडचा वारा तोंडात शिरला
की न खाल्लेल्या द्राक्षांनी माझे दात आंबतात.

त्या केसपेपरच्या मागे पेनानं दात काढतात.
एक: टाळूची वरची साल काढून इथं लावायची.
घट्ट धरते, पण रंग जमत नाही,
ठिगळ ते ठिगळ.
दुसऱ्यात टाळूला खिडकी पाडून आतला थर घ्यायचा,
हिरडीखाली सरकवायचा,
वरून तीच हिरडी ओढून शिवायची.
रंग जुळतो. जखमा दोन.
मग ते नवं, बारीक भोकाचं:
टाळूला हातच नाही, भोकातून हिरडी सैल करायची
आणि जागेवर सरकवायची, बरेच दात एका बैठकीत.
त्याचे पैसे ऐकून मी खिडकीबाहेर बघते.
गंगापूर रोडवर एक माणूस शहाळं छाटतोय,
तीन घावांत तोंड मोकळं.

आणि पाकिटातली, दुसऱ्या कुणाची तरी कातडी,
धुतलेली, वाळवलेली.
"मेलेल्या माणसाची?" नवरा विचारतो
आणि खुर्चीत मागे सरकतो.
मला काही वाटत नाही.
आमच्याकडची निम्मी गोडी
डॉगरीजच्या परक्या मुळावर उभी आहे,
ज्याचं स्वतःचं फळ कुणी जिभेवर ठेवणार नाही.
मी एवढंच विचारते, यातलं फुटतं कुठलं?

डॉक्टर हसत नाहीत, हे मला आवडतं.
"हिरडी पातळ आहे, दातही दोनच. तुम्हाला दुसरं.
भोकाचं वीस वर्षांनी काय होतं, मला माहीत नाही.
आणि दोन दातांच्या मधलं हाड झिजलंय,
तो कोपरा भरणार नाही. कशानंच नाही."
हे त्या दोनदा सांगतात.
"मशेरी?"
सोडली, म्हणते मी.
डबीचं झाकण कमरेला टोचतंय.
"चालू असेल तर पैसे गोदावरीत सोडा,
कलम धरणार नाही."
कलम म्हणाल्या. माझाच शब्द.

जुन्या सीबीएसवर बस लागेपर्यंत
जिभेनं टाळू चाचपत बसते.
एकच नाव दोन जागांना.
एक डोक्यावरची: लेकाच्या टाळूवर तेल जिरवायचे,
बोटाखाली त्याचं सगळं काळीज धडधडायचं.
आणि ही आतली, सरी पाडल्यासारखी खडबडीत,
बेचाळीस वर्षांत जिची कधी विचारपूस केली नाही.
आता हिच्याकडेच मागायचं.

दहाव्या मैलावर डबी खिडकीतून फेकली.
(आठवड्यानं दुसरी घेतली. तिसरी नाही घेतली.)

कलमांचा हंगाम आटोपला, मग टाके पडले.
टाळूवर प्लास्टिकची वाटी, खायला गार खिमट,
बोलणं बंद. नर्सरीतल्या पोरी
माझ्या हातवाऱ्यांना फिदीफिदी हसतात.
निघताना डॉक्टर म्हणाल्या होत्या,
ओठ ओढून बघायचं नाही. काहीही झालं तरी.

आणि मी दर भाद्रपदात
नव्या पोरींना हेच बजावते:
पट्टी सोडून बघू नका गं,
बघितलं की मरतं.

चौथ्या रात्री मोरीतला दिवा लावते.
आरसा, त्यात सुजलेली हनुवटी,
बोट ओठावर.
अंधारातून नवऱ्याचा आवाज येतो,
"पट्टी."

दिवा बंद करते.