काटा

धुळ्याच्या कोर्टात काडी कुठंच दिसली नाही.
काडीमोड म्हणतात, म्हणून मी उगाच शोधत होतो
टेबलाखाली, शिपायाच्या मुठीत.
नुसते कागद होते, गंजकी टाचणी,
आणि साहेबांच्या डोक्यावर घरघरणारा पंखा.

भांडी मोजून परत दिली.
मामांनी प्रत्येकावर नाव कोरून घेतलं होतं,
त्यामुळं वाद झाला नाही.
टेम्पोत हंडा चढवताना मी हात लावला,
अर्चना म्हणाली, 'सांभाळून.'
हंड्याला की मला,
विचारायचं राहिलं.
एक वाटी मात्र पोह्यांच्या डब्यात राहून गेली.

मग नंदुरबार.
रेल्वे फाटकापलीकडं एक खोली,
एक सतरंजी, आणि वजनांची लाकडी पेटी.
मी काटे दुरुस्त करतो.
सोनाराचे, भुसाऱ्याचे, रद्दीवाल्याचे
दिवसभर शून्यावर आणून द्यायचो,
आणि घरी एका माणसाचं वरण जमायचं नाही.
मूठभर डाळ करपायची,
वाटीभर घेतली की उरायची.
भरताचं वांगं एकदा एवढं मोठं निघालं
की तीन दिवस सकाळ-संध्याकाळ भरीतच.

रात्री आईचा फोन.
'जेवना का?'
'हो.'
'काय खादं?'
इथं मला खोटं सुचायचं नाही.

पौषात मिरचीच्या पथारीवरून बोलावणं आलं.
काटा पोत्यामागं पाव किलो खात होता.
गावाबाहेर सगळं रान लाल,
बाया ओळीनं बसून देठ खुडत होत्या,
तोंडाला पदर, बोटांना चिंध्या.
मी काटा उघडला.
पहिली शिंक, दुसरी, सातवी,
आणि डोळ्यांना जी धार लागली
ती मिरचीची होती.
थोडा वेळ.

नंतर ती हंड्याची होती,
त्या 'सांभाळून'ची,
करपलेल्या डाळीची,
आणि कोर्टात न सापडलेल्या काडीची.
कुणी वळून बघितलं नाही.
तिथं सगळ्यांचेच डोळे ओले.
फक्त वही लिहिणारी बाई
पाण्याचा तांब्या घेऊन आली.
'आठे रडाले कारण लागत नई, भाऊ.
पन काटा तं शून्यवर ई ग्या.
तुम्ही अजून?'

कोकिळा तिचं नाव.
नवरा सुरतेला मागावर गेला,
तिथंच त्यानं दुसरा संसार मांडला.
फारकतीचा अर्ज हिनंच केला.
म्हणे, येणारी प्रत्येक पॅसेंजर बघून
मान दुखायला लागली होती.

त्यानंतर तो काटा फार बिघडू लागला.
म्हणजे मीच जायचो दर मंगळवारी,
पाच किलोचं वजन ठेवायचो,
तो पाचच दाखवायचा.
तिसऱ्या खेपेला तिनं वहीत लिहिलं,
'काटा बरोबर. माणूस तपासून पाहणे.'
आणि तो 'भाऊ'
तिनं देठासारखा कधी खुडून टाकला
मला कळलंही नाही.

मी घाई केली नाही. तीही नाही.
एकदा भाजल्यावर
गरम नसलेली भांडीही आपण फडक्यानंच उचलतो.

होळीच्या आधी ती खोलीवर आली,
कळण्याच्या भाकरी थापल्या,
डाळ न मोजता घातली,
आणि डबे लावताना ती वाटी निघाली.
मोठ्यानं वाचलं तिनं,
'अर्चना हिस, मामांकडून, १८-५-०८.'
मी म्हणालो, कानस आहे माझ्याकडं,
पाच मिनिटांत घासून टाकतो.
'कसाले? नावमुये वाटी गयस का?'
तिनं नळाखाली काठोकाठ भरून पाहिली.
थेंब गळला नाही.
मग पुसून त्यात मीठ भरलं
आणि चुलीजवळ, हाताशी ठेवली.

रात्री फोन.
'जेवना का?'
'जेवनू.'
'काय खादं?'
मी सांगायला लागलो,
भाकरी, ठेचा, वरण, कुणी केलं, कसं केलं.
तेवढ्यात फाटकातून मालगाडी गेली,
लांबलचक,
आईला अर्धं ऐकूच आलं नाही.

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.