ण

सातपूरला पिठाच्या गिरणीच्या वर आमचा स्टुडिओ.
दोन खोल्या, भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या.
गिरणी चालू तोवर रेकॉर्डिंग बंद.
घरघर वाया घालवली नाही म्हणा,
साम्राज्याच्या युद्धनौकेचं इंजिन
म्हणजे खाली दळली गेलेली कुणाची तरी बाजरी.

मूळ खेळात सोय सरळ होती.
साम्राज्य बोलायचं लंडनचं इंग्रजी,
शब्दन् शब्द इस्त्री करून, घडी घालून.
ग्रह जाळायचा हुकूमसुद्धा
साखर किती घालू, असं विचारल्यासारखा.
बंडखोर अमेरिकन.
र तोंडातल्या तोंडात घोळवणारे,
वाक्य संपेस्तोवर टेबलावर पाय टाकून बसलेले.

शाळेत असताना शालिमारजवळच्या सायबर कॅफेत
दहा रुपये तासानं खेळलोय मी असले खेळ.
इंग्रजी ओ की ठो कळायचं नाही,
पण दाराआडून कुणी बोललं
की बंदूक रोखायची का खाली करायची
ते बोटाला कळायचं.
फार उशिरा लक्षात आलं,
खेळ बनवणारे अमेरिकेचे.
आपल्या आईची बोली
कोण देईल सम्राटाच्या तोंडी?

आता तोच मराठीत करायचा होता.
मी कागदावर दोन रकाने पाडले.
साम्राज्य: प्रमाण, पुस्तकी, ण ठणठणीत.
बंडखोर: अहिराणी.
पेन कुठं अडलं नाही.

युवराज खैरनार सेकंड शिफ्ट करून आला,
रात्री साडेअकराला, बाहीला कूलंटचा वास.
सटाण्याच्या अलीकडच्या गावचा.
त्याला मी बंडखोरांचा सरदार दिला.
'पानी आमनं शे,' त्यानं वाचलं,
आणि कागद खाली ठेवला.
'सर, याला हसतील ना?'
'खेळात कोण हसतंय?'
'खेळात नाही. खेळणारे.'

मी काच पुसत बसलो. काच स्वच्छच होती.

मग म्हणाला, 'सम्राटाचं पान बघू का?'

'पाणी साम्राज्याचे आहे.
प्राण प्रजेचे. तेही तूर्तास.'

गाद्यांच्या त्या खोलीत मे महिन्यात
माझ्या हातावर काटा आला.
एकही ण घसरला नाही.
आवाज चढला नाही, उतरला नाही,
कुणाकडे न बघता हजेरी घ्यावी तसा.

'कुठं शिकलास?'
'पाचवीत,' तो म्हणाला.
'पानी म्हटलं की छडी. लोनी म्हटलं की छडी.
हा आवाज माझा नाही सर, गुरुजींचा आहे.
मी नुसता सांभाळून ठेवलाय.'

आमच्या घरी ण नळाला यायचा.
तोटी फिरवली की ण.
त्याची किंमत कुणी मोजली असेल
हे माझ्या कानावर आलंच नव्हतं,
आणि कान हाच तर माझा धंदा.

सम्राट त्यालाच दिला.
बंडखोराची जागा अजून रिकामी आहे.
परवा एका नाट्यशिबिरातला मुलगा येऊन गेला,
गावाकडचं बोलतो म्हणाला,
आणि प्रत्येक वाक्याला डोक्यावरचं मुंडासं सावरत बोलला.
मुंडासं नव्हतंच.
शनिवारी कळवणहून एक मुलगी येईल, बघू.
तिला आधी सम्राटाचंच पान देणार आहे.

त्या रात्री शेवटच्या टेकनंतर
युवराजचा फोन वाजला.
माईक चालू राहिला होता.
'हा माय. जेवी ले तू. माले येळ लागी.'

चार सेकंद. फाइल पुसायला हवी होती.
ती मी सातव्या टप्प्यात ठेवली आहे,
साम्राज्याच्या युद्धनौकेवर,
जिथं सम्राट एकटाच असतो
आणि दार आतून बंद.
दाराला कान लावणाऱ्यालाच ऐकू येईल.
बाकीच्यांना इंजिन,
म्हणजे बाजरी.