भूपालच्या काट्यासाठी

धनपाल सर पुण्याला गेले तेव्हा
टेबलावर तीन वस्तू राहिल्या :
कान तुटलेला मग, एक हेडफोन,
आणि बिल्डची फाइल.
विश्रामबागेत, झेरॉक्सच्या दुकानावर आमचं ऑफिस.
आता ती माझी.

एकाच ओळीत तेवीस फ्लॅग,
काही तर दोनदोनदा :
ओ-टू, मग ओ-झीरो, पुन्हा ओ-टू.
कंपायलर शेवटच्याचं ऐकतो,
आमच्या घरी अम्मीचं चालतं तसं.

एक होता इशाऱ्यांचं तोंड दाबणारा.
तो काढला,
तर चारशे बारा इशारे एकदम भुंकायला लागले.
दोन दिवस बसून एकेकाला गप्प केलं.
मग हात शिवशिवायला लागले.

पुढे होतं : मार्च बरोबर पेंटियम-थ्री.
हा मार्च म्हणजे महिना नव्हे,
कुठल्या मशीनची बोली बोलायची, ते.
पेंटियम-थ्री! मी हसले.
तिथं लिहिलं : नेटिव्ह.
म्हणजे, जिथं घडलास तिथलंच बोल.
माझ्या लॅपटॉपवर प्रोग्रॅम पळायला लागला.
त्या खुशीत भडंगाचा पुडा फोडला.

सोमवारी, सौद्याच्या ऐन वेळी, मार्केट यार्डातून फोन :
"मॅडम, काटा बोलंना झालाय."

राजापुरी हळदीची पोती छातीएवढी.
कोपऱ्यात तो जुना पीसी,
कीबोर्डच्या फटीफटीत पिवळं,
काळ्या पडद्यावर एकच ओळ : अवैध सूचना.
माझी बोली त्याला कळलीच नव्हती.
भूपाल चौगुले तोलाईदार
लोखंडी मापं काढून वहीत वजनं लिहीत होते.
मान वर न करता म्हणाले,
"नवीन काय घातलंसा काय ह्यात?"

पोत्यावर लॅपटॉप ठेवला.
जुनी ओळ परत लिहिली, मेक म्हटलं.
मेक म्हणाला : सगळं अद्ययावत आहे.
तो फायलींच्या वेळा बघतो.
माझा विचार बदललाय
हे त्याला कुठून दिसणार?

सगळं पुसलं. पहिल्यापासून बांधलं.
सात मिनिटं.
अडते घड्याळाकडे, हमाल माझ्याकडे,
भूपाल वहीकडे.
मग काटा बोलला :
पन्नास किलो, दोनशे ग्रॅम.
त्यांनी वहीतला आकडा ताडून पाहिला,
आणि माझ्यासाठी अर्धा चहा सांगितला.

आता ती ओळ वेगळी काढलीय,
तिला नाव दिलंय : भूपाल.
वर टीप लिहिलीय, कुणी हसू नये म्हणून.
नेटिव्ह आहे, पण फक्त माझ्यापुरता.
आणि फ्लॅग बदलला की मेकला कळावं
म्हणून एक छोटी फाइल, नुसती साक्षीला.

रात्री धनपाल सरांना सगळं कळवलं.
उत्तर आलं, साडेअकराला :
"अजून चालतंय ते मशीन?"

चालतंय, सर.
माझ्या स्पेसबारखालीही
आता थोडी हळद आहे.