हात लावलेला घोडा

ग्युम्रीत फेब्रुवारीत शाळेच्या भिंतीही खोकतात.
खिडक्यांच्या कडांना आतून बर्फ. शेगडीपाशी मी,
पंच म्हणून नेमलेला, म्हणजे मुख्यतः लाकडं सारणारा.

चौथा पट. काळी मोहरी आरेगची, वय अकरा,
अंगात आजोबांचा कोट, बाह्या दुमडून दुमडून जाड झालेल्या.
पांढरी नाझेलीची. तिचे पाय जमिनीला पोचत नाहीत,
पण बावीस खेळ्यांत तिनं त्याला असं कोंडलंय
की त्याच्या उंटानं श्वासही विचारून घ्यावा.

मी ओंडका उचलायला वळलो
आणि तिची बोटं घोड्यावर टेकली.
क्षणभरच. पोळल्यासारखी मागे आली.
घोड्याला जायला तीन घरं होती, तिन्ही वाईट.
हे तिला दिसलं, त्याला दिसलं,
आणि मलाही:
बाहेर अंधारलं होतं, काचेचा आरसा झाला होता,
तेवढं त्या दोघांच्या लक्षात नव्हतं.

नियम साधा. हात लागला की खेळायचं.
तक्रार त्यानं करायची, किंवा पंचानं पाहिलं तर पंचानं.
मी पाहिलं होतं.
मी ओंडका आत सारत राहिलो, जरा जास्तच वेळ.

आरेग माझ्या पाठीकडे बघत होता.
हात वर करायचा, बस.
त्यानं बाह्या खाली सोडल्या, दोन्ही,
बोटं दिसेनाशी झाली.
नाझेली आपल्या हाताकडे बघत बसली, जणू तो शेजारणीचा.
मग "छे" म्हणाली, स्वतःलाच,
आणि तोच घोडा उचलून ठेवला
जिथे तो मरणार होता.

मारायला एक सेकंद पुरे.
त्यानं अकरा मिनिटं घेतली.
शेजारचे डाव उठले, कुणीतरी सुके जर्दाळू वाटले,
त्याच्या बाजूचं घड्याळ चालतच होतं.
मला वाटलं, विसरला.
मग घोडा उचलला, हलकेच,
आणि पटाबाहेर उभा ठेवला. आडवा नाही.

चाळिसाव्या खेळीला तिनं हात पुढे केला.
मी तक्त्यात लिहिलं: शून्य, एक.
अकरा मिनिटांना तिथे रकाना नसतो,
पाठमोऱ्या माणसालाही नसतो.

फाटकाशी दोघं एका पुडीतल्या सूर्यफुलाच्या बिया फोडत
भांडत होते. घोड्यावरून नाही.
चौदाव्या खेळीला प्यादं सरकवायचं होतं, ती म्हणे.
अजिबात नाही, तो म्हणे, तोंडात टरफल.

मी आत जाऊन दिवा मालवला.
काच पुन्हा नुसती काच झाली,
पलीकडे ते, अजून भांडताना.