रिकाम्या गाडीचं वजन

फॉर्मवर पहिल्या ओळीत नाव : कौशल्या मगरे.
सातव्या ओळीत विचारलंय : कौशल्ये.
मी तिथंही नावच लिहायला निघाले होते.
नेटकॅफेतला आसिफ हसला,
म्हणाला, ताई, आतली लिहा, आतली.

चौदा वर्षं जालन्याच्या एमआयडीसीत,
सळईच्या कारखान्याच्या गेटावर, वजनकाट्याच्या खोलीत.
भंगाराची गाडी येताना भरलेली चढायची,
जाताना रिकामी.
भरल्यातून रिकामं वजा, उरलं ते निव्वळ.
पांढरी पावती ड्रायव्हरला, गुलाबी ऑफिसला,
पिवळी माझ्याकडं, तारेत टोचून.
मग काट्यावर कॅमेरे आले, गाड्यांना टॅग लागले,
आणि एका शनिवारी माझ्या हातात
अर्धा किलो पेढ्यांचं खोकं.
घरी येऊन मोजलं.
खोक्यासकट चारशे साठ.

त्यानंतर डायलिसिसचा कोर्स, वर्षभर,
सकाळची पॅसेंजर, बदनापूर, करमाड, पेंगत.
वर्गात सगळी एकोणीस-वीसची पोरं.
पहिल्या आठवड्यात मॅडम म्हणाली, दिवाळीपर्यंत मावशी,
परीक्षेच्या आदल्या रात्री अकराला फोन :
मावशे, ते सोडियमचं परत सांग ना.

पास होऊन सात महिने झाले.
अनुभव? चौदा वर्षं.
ह्यातला?
मग मी पंख्याकडं बघते.
एका दवाखान्यात मला फ्रेशर म्हणाले.
एक्केचाळिसाव्या वर्षी, फ्रेशर!
घरी येऊन आरशात पाहिलं, कानापाशी पांढरं होतं तिथंच होतं,
पण संध्याकाळपर्यंत बरं वाटलं.

जाऊबाई विचारते, काय करायलीस गं दिवसभर?
म्हणते, वाट बघायलेय. बसून नाही, उभ्यानं.

सगळेच दिवस असे उभ्यानं जात नाहीत.
मंगळवारी मी उठलेच नाही.
शिवकन्येनं पोळ्या लाटल्या, एकेक तालुक्याच्या आकाराची.
उशाशी फोन. दिवसात एकदाच वाजला :
मॅडम, कर्ज हवंय का?
म्हटलं, नको बाई, नोकरी हवीय.
पलीकडं जरा शांतता. मग बारीक आवाजात :
मला पण दुसरी हवीय.
दोघी हसलो. कॉल रेकॉर्ड होतोय, म्हणाली, आणि ठेवला.

त्या रात्री झोप लागेना तेव्हा गाड्या आठवत पडले.
हौदा झाडलेला, ताडपत्री गुंडाळलेली,
क्लीनरसुद्धा खाली उतरून तंबाखू मळत उभा,
आणि तरी, चौदा वर्षांत एकदाही,
रिकाम्या गाडीचा आकडा शून्य आला नाही.
सात टन. नऊ. कधी अकरा.
वाजते मात्र फार. खड्ड्यावरून गेली की
अख्ख्या रस्त्याला कळतं, रिकामी चाललीय.

काल अंबड रोडला सहावी मुलाखत.
डॉक्टर म्हणाले, लोखंडातून इकडं कशा काय?
मी म्हटलं, साहेब, पेशंट येतो तेव्हा वजन, जातो तेव्हा वजन,
अंगातलं पाणी किती काढायचं ते त्या फरकावर.
मी आजवर फरकच लिहीत आले.
एवढंच, की आता काट्यावर चढणारा घाबरलेला असतो
आणि चप्पल काढायची विसरतो.
डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.
कळवतो, म्हणाले.

कळवतो.
पाच जणांनी आधी म्हटलंय, तोच शब्द, तोच सूर.
ह्यांनी निदान चष्मा पुसला.

पिवळ्या पावत्यांचा गठ्ठा अजून आहे घरात.
पाठकोऱ्या. त्यांवर मी पोटॅशियम, युरिया, मशीनचे अलार्म
लिहून पाठ करते.
आणि भंगारवाल्याकडून दोनशेला आणलेला एक काटा आहे,
माणसं मोजायचा.
आधी शिवकन्या चढते (चप्पल काढ गं), मग मी.
अर्धा किलो जास्त दाखवतो.
पाच मिनिटांचं काम आहे, खालचा स्क्रू फिरवला की झालं,
मला येतं ते.
राहू दे म्हटलं सध्या.