शिंकायचं नाही

आधी कासाराने सांगितलं,
"ताई, तुमचं माप दोन-चार. आता दोन-आठही चढेना."
म्हटलं, मिरची कांडून हात सुजतात.
मग चपला. मग जोडवी,
ती पकडीने कापूनच काढली.
मग दुकानात डाव्या अंगाने आलेलं गिऱ्हाईक
हाक मारेपर्यंत दिसेना.
वय झालं, म्हटलं. चष्म्याचा नंबर, म्हटलं.
नऊ वर्षं एकाच दुखण्याला
मी निरनिराळी नावं देत राहिले.

परळला डॉक्टर तळपदेंनी
कागदाच्या पाठकोऱ्या बाजूला खोगीर काढलं,
खोगिरात वाटाणा.
"ही पियूषिका. हुकूम ही सोडते, बाकीच्या ग्रंथी पाळतात."
तिच्यात एक गाठ वाढली होती. कर्करोग नव्हे,
नुसती हट्टी.
बावन्नाव्या वर्षी तीच मला वाढवत होती,
हात, पाय, जबडा.
"डोकं उघडायचं नाही. नाकातून जाऊ."

नाकातून.
लालबागला मसाला भाजते मी, डॉक्टर.
धणे कधी उतरवायचे, दगडफूल कधी टाकायचं,
ते माझं नाक सांगतं.
घड्याळाकडे मी कधी बघितलेलं नाही.
"वास जाईल?"
"थोडे दिवस जाईलच. बहुतेकांचा येतो.
काहींचा पुरता येत नाही."

शलाका वहीत लिहून घेत होती.
मेंदूभोवतीचं पाणी नाकावाटे झिरपू शकतं.
ग्रंथी दुखावली तर गोळ्या, कदाचित जन्मभर.
वर डोळ्यांच्या नसा,
दोन्ही बाजूंना रक्ताच्या मोठ्या नळ्या, तिथे—
तिथे तिचं पेन थांबलं.
"आणि नाही केलं तर?"
"नजर अजून आत येईल. हृदय मोठं होईल. साखर."
ते तिने लिहिलं नाही.

मी विचारलं, तुमच्या हातून किती झाल्या?
आमच्याकडे बाया हेच विचारतात,
किती वर्षं भाजताय?
"चारशेच्या वर."
कोणी गेलं?
त्यांनी पेनाला टोपण लावलं. पुन्हा काढलं.
"एक. नाव सांगत नाही, पण आठवतं."
मग मी सही केली. हेमलता दत्ताराम पेडणेकर.
जाड बोटांनी अक्षर अगदी पोरासारखं आलं.

चमकी काढायला सिस्टर मेंडिसना साबण लागला.
वीस वर्षांत ती नाकात रुतली होती.

जागी झाले तर दोन्ही नाकपुड्यांत बोळे,
तोंडाने श्वास, आणि तहान,
तांब्याभर प्यावं, तांब्याभर जावं.
सिस्टर प्यालेलं मोजायच्या, गेलेलं मोजायच्या,
भिंतीवरच्या तक्त्यात लिहायच्या.
जन्मात माझं पाणी कुणी असं मोजलं नव्हतं.
चौथ्या दिवशी ते आपसूक थांबलं.

घरी सोडताना ताकीद:
वाकायचं नाही. नाक शिंकरायचं नाही.
पातळ, खारट पाणी आलं तर सर्दी समजायची नाही,
रात्र असली तरी निघायचं.
शिंकायचं नाही. आलीच तर तोंड उघडं टाकून.
मला हसू आलं.
आमच्या गल्लीत डंक सुरू झाला
की समोरचा पोस्टमनसुद्धा शिंकतो.
सहा आठवडे मी तिकडे फिरकले नाही.

आता डावीकडून येणारं माणूस
कोपरापाशी असतानाच दिसतं.
जोडवी नवी केली, सैल होतात.
वास? लवंग आली. हिंग आला, जास्तच आला.
दगडफूल अजून नाही.
ते मी ऐकून भाजते, कढईचा आवाज बदलतो तेव्हा.
शलाका शेजारी उभी राहून मान हलवते,
कधी चुकीचीसुद्धा.

काल एक बाई आली. नणंदेला हेच सांगितलंय,
नाकातून, म्हणाली,
काही होत नाही ना?
होतं, म्हटलं. पुष्कळांना होत नाही. माझं थोडं झालं.
डॉक्टरला विचार, किती केल्या, आणि कोणी गेलं का.
मग तो किती वेळ गप्प बसतो ते बघ.
ती माझ्याकडे बघतच राहिली.

मसाला अर्धा किलो देऊ की पाव?