नावाचा रकाना

प्रसूतिगृहाच्या माळ्यावर अकरा नोंदवह्या निघाल्या,
पाठीला जुन्या चादरीचे तुकडे खळीनं चिकटवलेले.
मी उतरवून घेते आहे.
वजन: दोन सहाशे, दोन चारशे, एक नऊशे.
आईचा धंदा: विडी, विडी, घरकाम, विडी.
तपासण्या: चार. चार. चार. चार.
एकाच शाईत, एकाच दमात
सरळ खाली उतरलेले चार.

साहेबांना सोमवारी तक्ता हवाय,
चार तपासण्यावाल्यांची किती मुलं वर्ष ओलांडून गेली
आणि बाकीच्यांची किती.
मी म्हटलं, हे चार खरे नाहीत.
ते म्हणाले, नोंद ती नोंद.

गज्जम सिस्टरच्या पाळीत मात्र
समासात पेन्सिलीचे ठिपके आहेत,
बाई खरोखर जितक्यांदा आली तितके.
दोन. एक.
पुष्कळदा नुसता समास.

आणि बाळाचं नाव.
हा रकाना जन्मादिवशी सगळ्यांचाच कोरा.
पाच-सहा वर्षांनी शाळा दाखला मागते,
बाप अर्ज घेऊन येतो,
मग वेगळ्या शाईत, वेगळ्या हातानं तिथं येतं
अंबिका, मल्लिनाथ, तबस्सुम.
जगल्याचा माझ्याकडे एवढाच पुरावा.
जिथं नाव नाही, तिथं मी काय धरू?

ओळ दोनशे अठरा. कुरापाटी नरसम्मा.
ठिपका एक. मुलगी, एक किलो आठशे.
नाव नाही.
रविवारी विडी घरकुलात गेले. पत्रे तडतडत होते.
उंबऱ्यावर एक पोर दातानं दोरा तोडत
विड्यांचे कट्टे बांधत होती.
"दाखला काढायचं हाय की वो बाई,
एक दिवस गेलं की हजार विड्या बुडत्यात."
नाव विचारलं. अनसूया? मी लिहू लागले.
अनसूयम्मा, पोरीनं दुरुस्त केलं,
आणि पुढचा कट्टा उचलला.

माझ्या अधिकारात शाई नाही.
पेन्सिलीनं लिहिलं.

ओळ दोनशे एकोणीस, मागचीच गल्ली.
ठिपका नाही. मुलगा. नाव नाही.
दार उघडलेल्या बाईच्या चेहऱ्याकडे न बघता
मी वहीतलं वाचून दाखवत बसले,
तारीख, पहाटेची वेळ, वजन दोन किलो शंभर.
"एवढं होतं?" ती म्हणाली.
मांडीवरचं तंबाखूचं सूप तिनं खाली ठेवलं
आणि दोन्ही हात जोडून
ओंजळ धरून पाहिली.